काबुली चण्यांचा मिसो

आमच्या मुलीला सोयाबीन चालत नाही, हे ती अगदी लहान असतानाच कळलं. कुणीतरी प्रेमाने दिलेलं बिस्किट खाल्लं आणि थोड्याच वेळात ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या. तेव्हापासून सुपरमार्केटमध्ये काहीही उचललं की मी आधी पाकिटाची मागची बाजू वाचते. अ‍ॅलर्जीचे पदार्थ इथे ठळक अक्षरांत छापतात, त्यामुळे ‘सोया’ हा शब्द मला आता हातभर अंतरावरूनही दिसतो. घरी मात्र काही अडत नव्हतं. डाळी, बेसन, शेंगदाणे, सगळं तिला चालत होतं, आणि आमच्या स्वयंपाकात सोयाबीन एरवीही कधी नसायचं.

अडलं ते ती शाळेत जायला लागल्यावर. इथे वाखनिंगन या डच गावात तिची जी पहिली जिवाभावाची मैत्रीण झाली, ती जपानी निघाली. जपानी स्वयंपाकघरात सोयाबीन कुठे नसतं? टोफू त्याचा, शोयू म्हणजे सोया सॉस तोही त्याचा, भातावर भुरभुरायच्या चटकदार पुडीतही ते असतंच. आणि रोजच्या सुपात कालवतात तो मिसोही त्याचाच. मिसो म्हणजे सोयाबीन शिजवून, मीठ आणि कोजी घालून, महिनोन् महिने मुरवलेला लगदा. कोजी म्हणजे भातावर मुद्दाम वाढवलेली बुरशी.

मैत्रिणीची आई फार काळजी घेणारी बाई. बुधवारी शाळा लवकर सुटली की दोघी मुली तिच्याकडे खेळायच्या, आणि आमच्या मुलीसाठी ती नुसत्या मिठाच्या पाण्याने हात ओले करून भाताचे गोळे वळायची, आत खारवलेलं आंबट प्लम घालायची. तक्रारीला जागाच नव्हती. पण एका बुधवारी सायकलवर मागे बसलेली मुलगी म्हणाली, “सगळ्यांनी सूप घेतलं. मला पाणी दिलं.”

मी मराठीत बोलते, ती डचमध्ये उत्तर देते, असा आमचा संसार आहे.

“कसलं सूप गं?”

“मिसोचं. वास खूप छान येतो. पण ते माझं नाहीये.”

रडली वगैरे नाही. पाऊस पडतोय, असं सांगावं तसं तिने सांगितलं. घरी पोहोचेपर्यंत माझं ठरलं होतं.

एक तर बुरशी हा माझा विषय. पुण्यात मी शेंगदाण्यांवर धरणाऱ्या विषारी बुरशीवर पीएच.डी. केली आणि इथेही कामाला लागले ती त्याच विषयात. कोजीची बुरशी म्हणजे त्या विषारी बुरशीची सज्जन चुलत बहीण. सोयाबीनच्या जागी काबुली चणे घ्यायचे, बाकी सगळं तसंच. ऑर्गॅनिक दुकानात चण्यांचा मिसो मिळतो, पण त्या बरणीवर ‘सोयाचे अंश असू शकतात’ असं लिहिलेलं होतं. म्हणजे घरीच करणं आलं. चणे तर मुलगी नेहमीच खायची, तरी आमच्या डॉक्टरांना विचारून घेतलं.

मैत्रिणीची आई आपल्या मुलीला घ्यायला आमच्याकडे आली तेव्हा तिला बेत सांगितला. तिने चहाचा कप खाली ठेवला.

“चण्यांचा? मिसोत सोयाबीन असतंच.”

“आमच्यात नसेल.”

“आणि कोजी? कोजी तर माझी आजीसुद्धा विकत आणायची.”

“मग मी तुझ्या आजीच्या एक पाऊल पुढे.”

ती तोंडावर हात ठेवून हसली. मनातून तिला ते पटलं नव्हतं. पण पुढच्याच आठवड्यात ती आम्स्टेलवेनच्या जपानी दुकानात गेली, तेव्हा कोजीच्या विरजणाची पुडी माझ्यासाठी घेऊन आली.

पहिला घाणा साफ बिघडला. वाफवलेल्या तांदळाला विरजण लावून मी तो ओव्हनमध्ये नुसता आतला दिवा चालू करून ठेवला होता. तिथे ऊब जास्त झाली आणि भात चिकट होऊन कुबट वास मारायला लागला. नवरा नाक धरून म्हणाला, “हा तुझा विषय ना?”

“म्हणूनच मला कळतंय काय चुकलं ते,” मी म्हटलं आणि भात कचऱ्यात टाकला.

दुसऱ्या वेळी सहलीची आइसबॉक्स घेतली, कडेने गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या आणि मधे थर्मामीटर खुपसला. कोजी धरायला लागली की स्वतःच तापते, म्हणून अधूनमधून भात हाताने मोकळा करावा लागतो. शेवटी दाण्या-दाण्यावर पांढरीशुभ्र लव आली आणि ताज्या अळंब्यांसारखा, किंचित गोडसर वास घरभर सुटला. मैत्रिणीची आई बघायला आली. तिने कडेचा तुकडा मोडून तोंडात टाकला, सावकाश चावला.

“ही खरंच कोजी आहे,” ती म्हणाली आणि कोट काढून बाह्या वर सारल्या. “चणे शिजवलेस?”

चणे मी पुरणयंत्रातून काढले. ती एकटक बघत राहिली, मग हँडल मागून घेतलं. मीठ आणि कोजी कालवून आम्ही लाडू वळले आणि हवा राहू नये म्हणून ते बरणीत एकेक करून दाबून बसवले. वर मिठाचा थर, त्यावर वजन. बरणी गेली सायकली ठेवायच्या शेडमध्ये.

उन्हाळाभर मी तिला हात लावला नाही. लोकांनी विचारलं तर सांगायचे, छान होणार आहे. आणि पानं पिवळी पडायला लागल्यावर बरणी उघडली, तेव्हा ते खरंही ठरलं. वरचा थर खरवडून टाकला, तर खाली काकवीच्या रंगाचा मऊ लगदा. आधी मी चाखला. मग मुलीच्या जिभेवर टाचणीच्या टोकाएवढा ठेवला. दिवसभर लक्ष ठेवलं. काही झालं नाही.

सूप मात्र तिच्या मैत्रिणीच्या घरीच करायचं, असं आमचं ठरलं. त्यांच्या ओट्यावर एक कोरं पातेलं, नवी पळी आणि नवा वाडगा होता.

“हे फक्त तिचं,” मैत्रिणीची आई म्हणाली. “आमच्या भांड्यांना सोया लागलेलं असतं.”

आम्ही शाकाहारी, म्हणून सुपासाठी माशाऐवजी तिने समुद्री पानं आणि वाळवलेली अळंबी भिजवून पाणी काढलं होतं. आच बंद करून त्यात मिसो विरघळवला, कांद्याची पात भुरभुरली. मुलीने वाडगा दोन्ही हातांनी उचलला, मैत्रिणीकडे बघितलं आणि तिच्यासारखाच आवाज करत सूप प्यायली. सुपात आलेलं समुद्री पान तेवढं बाजूला काढून ठेवलं.

“कसं झालंय?” मी मैत्रिणीच्या आईला विचारलं.

“गोड आहे. आमच्याकडे याला कुणी मिसो म्हणणार नाही.”

“मग काय म्हणतील?”

तिने आणखी एक घोट घेतला. “माझी आई म्हणेल, दुकानातल्यापेक्षा बरं आहे.”

त्याच संध्याकाळी मी निम्मा मिसो तिच्या डब्यात भरून दिला. सध्या चण्यांच्या शोयूचे प्रयोग चालू आहेत. दोन बाटल्या फसल्या. तिसरीचा वास आशादायक आहे.