जमादारचा तपास

अफवा कानावर आली की बहुतेक माणसं ती पुढे सांगतात, काही जण सोडून देतात. आमचा जमादार यातलं काहीच करत नसे. अफवा ज्या वाटेने आली असेल त्या वाटेने तो उलटा चालत जायचा. "तुला कुणी सांगितलं? नाव सांग," एवढंच विचारायचा आणि नाव मिळालं की स्कूटरला किक मारून त्या माणसाकडे. तिथून पुढच्याकडे. असं करत करत जिथे ती पहिल्यांदा बोलली गेली तिथे जाऊन बसायचा. त्याच्या घरात कुणी पोलीस नव्हतं. देवगाव रंगारीची शेती करणारी माणसं ती. पण हा उद्योग बघून आम्ही त्याला जमादार म्हणू लागलो आणि पुढे शहरही म्हणू लागलं.

आमचा संघ म्हणजे शहराचा बास्केटबॉलचा व्यावसायिक संघ, शेंद्र्याच्या एका कारखानदाराने हौसेने उभा केलेला. पहिल्या वर्षी रिक्षांच्या मागे आमचे फोटो होते. तिसऱ्या वर्षी आम्ही जिंकलो का, असं कुणी विचारत नसे, कितीने हरलो एवढंच विचारायचे. हरणाऱ्या संघाला प्रेक्षक कमी आणि बातम्या जास्त. संघ विकला जाणार, प्रशिक्षकाला नारळ मिळणार, संघ नाशिकला हलणार, असं रोज सकाळी काहीतरी नवीन निघायचं.

नाशिकची बातमी जमादारने दोन दिवसांत खोदून काढली. आमच्या फिजिओला ती भाजीवाल्याने सांगितली होती, भाजीवाल्याला एका टेम्पोवाल्याने, आणि टेम्पोवाल्याने स्वतःच्या डोळ्यांनी मैदानावरचे बास्केटमागचे दोन्ही बोर्ड टेम्पोत चढताना पाहिले होते. ते रंगवायला गेले होते. परदेशी खेळाडू येणार ही बातमी एका हॉटेलच्या खानसाम्यापाशी संपली. मालकांच्या पाहुण्यासाठी त्याला बिनमसाल्याची कोंबडी शिजवायला सांगितली होती, आणि असलं अन्न गोऱ्या माणसाशिवाय कोण खाणार, असा त्याचा सरळ हिशोब. खानसामा आधी म्हणाला, आठवत नाही. जमादार दीड तास त्याच्या भटारखान्यात कांदे सोलत बसला, तेव्हा त्याला आठवलं. हे सगळं फोनवर का विचारत नाहीस, असं मी एकदा म्हणालो. तो म्हणाला, "फोनवर माणूस कायबी बोलतो. समोर बसला की अडतो."

मला हे सगळं इतकं तपशीलवार ठाऊक आहे, कारण त्याच्या स्कूटरवर मागे मी असायचो. गारखेड्यात आमच्या मागच्याच गल्लीत त्याची खोली होती. आणि सरळच सांगतो, मला त्याचा हेवा वाटायचा. तो कर्णधार आणि पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू घेऊन येणारा आणि सगळा डाव मांडणारा. मी त्याच जागेचा राखीव खेळाडू. त्याच्यापेक्षा दोन इंच उंच, पळायला जास्त चपळ, आणि जागा बाकावर. तो दमला किंवा पाच फाउल होऊन बाहेर गेला तरच मी आत. त्यामुळे बाकावर बसून मी संघाचे गुण मोजत नसे, जमादारचे फाउल मोजायचो. चौथा झाला की बुटाच्या नाड्या आवळायचो. तो चार फाउलवर अख्खा शेवटचा क्वार्टर खेळून काढायचा आणि मी नाड्या सैल करायचो.

घरीही सुटका नव्हती. हरून आलो तर आई आधी विचारायची, जमादार जेवला का. शेंगदाण्याचे लाडू केले की डबा दोघांचा, आणि त्याचा डबा मोठा. तो एकटा राहतो, असं तिचं म्हणणं. मी एकटा कधी राहणार होतो कुणास ठाऊक.

शेवटी मामा आला करमाडहून, खास मला खेळताना बघायला. त्या सामन्यात जमादारचा चौथा फाउल मध्यांतरानंतर लगेच झाला. मी नाड्या आवळून बसलो आणि मामाकडे बघून हातही केला. पण तो पाचवा काही करेना. सामना हरलो. मी एक मिनिटही आत गेलो नाही. मामाने जाताना जमादारच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतला, आणि तो फोटो मलाच काढायला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानाच्या फाटकाशी सलीमभाईंच्या टपरीवर चहा घेत होतो. सलीमभाईंनी सहज विचारलं, जमादार दिसला नाही आज. मी म्हणालो, "तो कशाला राहतोय इथे. नागपूरवाल्यांशी बोलणी झालीत त्याची." चहा संपायच्या आत बोलून झालं होतं. खरं सांगतो, बरं वाटलं.

चार दिवसांनी पेपरात आलं. जमादार नागपूरच्या वाटेवर असल्याचे समजते, अशी ओळ होती. पुढच्या सामन्यात त्याच्या हातात चेंडू आला की प्रेक्षक 'नागपूर, नागपूर' म्हणून ओरडायचे. ज्या माणसाला मी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं त्याचे सलग चार फ्री थ्रो चुकले. प्रशिक्षकांनी त्याला बसवलं आणि मला आत पाठवलं. सामन्यानंतर मालकांनी त्याला बोलावून घेतलं. ज्याचा जीव दुसरीकडे आहे तो मला नको, ही बातमी कुणी उठवली ते शनिवारपर्यंत दाखवून दे, नाहीतर संघातून बाहेर, असं त्यांनी सुनावलं.

जमादार बाहेर आला आणि मला म्हणाला, चल बस मागे. त्याला मी साक्षीदार म्हणून हवा होतो. नाही म्हणायला मला कारण सापडेना. पहिल्या दिवशी वार्ताहर. त्याने फिजिओचं नाव घेतलं. दुसऱ्या दिवशी फिजिओने निराला बाजारातल्या एका जिमवाल्याचं नाव घेतलं. रोज घरी सोडताना जमादार मला उत्साहाने सांगायचा की आता फार लांब नाही. मी मागे बसून त्याच्या मानेकडे बघायचो. मनात एक आशा असायची की कुणीतरी मध्येच अडेल, दुवा तुटेल, आणि ती जागा माझी होईल.

शनिवारी दुपारी जिमवाल्याने सलीमभाईंचं नाव घेतलं. आम्ही टपरीवर गेलो. जमादारने दोन चहा सांगितले आणि बाकड्यावर बसून नेहमीचा प्रश्न विचारला. सलीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग पातेल्यात चमचा फिरवत राहिले.

"याद नै आरा भाई," ते म्हणाले. "दिनभर में इत्ते लोगां आते."

आठवत नाही म्हणणाऱ्यांना जमादारने कधी सोडलं नव्हतं. पण सलीमभाईंनी जिकडे पाहिलं होतं तिकडे त्यानेही पाहिलं. मी ग्लासातल्या सायीकडे बघत होतो. तो किती वेळ बघत होता ते मला सांगता येणार नाही. मग त्याने चहा संपवला आणि उठला. "व्हय, लोक लई येतात," असं सलीमभाईंना म्हणाला आणि स्कूटरकडे गेला.

त्याने मला घरी सोडलं. दारात उतरलो तेव्हा त्याने गाडी बंद केली नव्हती.

"किती वर्षं झाली तुला बाकावर?"

"तीन."

"लई झाली," तो म्हणाला आणि निघून गेला.

मालकांना त्याने सांगितलं की सापडलं नाही. सोमवारी त्याची जर्सी जमा झाली. नागपूरला तो गेलाच नाही. देवगाव रंगारीला परत गेला, तिथल्या शाळेतल्या मुलींना खेळ शिकवतो असं कळतं. निघायच्या दिवशी तो आईच्या पाया पडून गेला. मी तेव्हा सरावाला होतो.

राहिलेले सगळे सामने मी पहिल्या मिनिटापासून खेळलो. एक सोडून सगळे हरलो. माझ्या नावाने कुणी ओरडलं नाही, बाजूनेही नाही आणि विरोधातही नाही. पुढच्या वर्षी संघ बंद पडला, आणि ती बातमी मात्र खरी होती. आई लाडू करते तेव्हा अजून त्याची आठवण काढते, आणि मला अजून राग येतो. माझी जागा मी त्याच्याकडून हिसकावली असं म्हणायची सोयही त्याने ठेवली नाही. ती त्याने देऊन टाकली.

सलीमभाईंच्या टपरीवर जुने प्रेक्षक भेटतात. गोष्टी निघतात. बोर्ड रंगवायला गेल्याची, खानसाम्याच्या कोंबडीची. मग कुणीतरी हळहळतं, जमादारने जगाच्या अफवा शोधल्या, पण स्वतःवरची तेवढी सापडली नाही बिचाऱ्याला. सलीमभाई हातातलं काम थांबवतात आणि माझ्याकडे बघतात.

मी मान डोलावतो.