व्याह्यांचे अठरा फटके

व्याह्यांनी मानाने बोलावल्याशिवाय त्यांच्या दारात पाऊल टाकायचं नाही, हा आमच्या घराण्याचा दंडक होता. घराणं म्हणजे मुलुंडच्या दोन खोल्या, आणि दंडक बाबांनी दोन वर्षांपूर्वी घातलेला. माझ्या थोरल्या भावाने स्कॉटलंडमध्ये तिथल्याच मुलीशी रजिस्टर लग्न केलं आणि आम्हाला मागाहून कळवलं, तेव्हापासून बाबा त्याच्याशी बोलत नव्हते. आई म्हणायची, "एकदा जाऊन भेटून तरी या." बाबा म्हणायचे, "बोलावलंय कोणी?"

मग एका रविवारी बोलावणं आलं.

फोन तळमजल्यावरच्या गुजराती काकींकडे होता. परदेशचा फोन आला की त्या जिन्यातूनच हाक मारत, "चला, चला, विलायत लाइनवर हाय!" बाबाही आमच्याबरोबर खाली यायचे, पण फोन घ्यायचे नाहीत. काकींच्या झोपाळ्यावर बसून पेपर उघडायचे. दादा तिकडून ओरडायचा आणि मी त्याचं वाक्य न् वाक्य इकडे पुन्हा ओरडून सांगायचे. पेपरचं पान तेवढा वेळ उलटत नसे.

"सासरेबुवांनी बाबांना बोलावलंय म्हणतोय. आठवडाभर. गोल्फ खेळायला."

"काय खेळायला?" आईने विचारलं.

"गोल्फ. समुद्रकाठी जुनी मैदानं आहेत. तीन ठिकाणं, तिन्ही ऐतिहासिक."

बाबांनी पेपर खाली घेतला. ते औषधांच्या कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झाले होते आणि जेवणाच्या सुट्टीतला कॅरम सोडून दुसरं काही खेळल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

"विचार करतो म्हणावं," ते म्हणाले.

दोन वर्षांत त्यांनी दादाला पाठवलेलं हे पहिलं वाक्य. आईने माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि नेहमीचं विचारलं, "जेवतोस ना रे?"

त्यानंतर आमच्या घरात मुलाला भेटण्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. चर्चा फक्त गोल्फची. मी वाचनालयात जाऊन विश्वकोश पाहिला. त्यात एका चित्रात टोपीवाला एक गृहस्थ एका लहानशा भोकाकडे इतक्या गंभीरपणे पाहत होता, की आत काहीतरी मौल्यवान पडलं असावं. मैदानांविषयी लिहिलं होतं की समुद्र आणि शेती यांच्यामधली ही रेताड जमीन, इथे झाड वाढत नाही, पीक येत नाही, वारा अखंड असतो, आणि म्हणून ती खेळाला उत्तम.

"अशी जमीन गावाला आपल्याही वाट्याला आलीय," बाबा म्हणाले. "तिला कोणी ऐतिहासिक म्हटलं नाही कधी."

आईने भाकरी उलटली. रागात ती मालवणीवर यायची. "पुळणीर चेंडू मारूक इतक्या लांब कित्याक जाऊक व्हया? मनोरीक जावा!"

वाळूत चेंडू मारायला मनोरी जवळ आहे, ही बाबांनी सूचना म्हणून घेतली. पुढच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही मार्व्याहून होडीने मनोरीच्या किनाऱ्यावर गेलो. बाबांनी छत्री उलटी धरली, टोक हातात आणि वाकडी मूठ वाळूला, आणि रबरी चेंडूला फटका मारला. पहिले काही वाळूतच गेले. मग एक बसला तो थेट वाळत घातलेल्या बोंबलांवर.

"ए म्हाताऱ्या!" बोंबील राखणारी बाई ओरडली. "खेळायचं वय हाय का तुझं?"

"तेच तर कळत नाहीये," बाबा मला म्हणाले. "माझ्यासारख्याला हे लोक खेळायला का बोलावतात? थट्टा तर नसेल ना?"

स्कॉटलंडमधल्या एका निवृत्त गृहस्थाला, दादाच्या सासऱ्यांना, मुलुंडच्या एका निवृत्त गृहस्थाबरोबर आठवडाभर वाऱ्यात चालायचं होतं, एवढंच मला कळत होतं. दोघांना एकमेकांची भाषा जेमतेम समजणार होती. बाबा जायचं रद्द करतील अशी आईला धास्ती बसली. ते सारखे "बघू" म्हणायला लागले होते.

पुढच्या फोनला बाबांनी झोपाळ्यावरून प्रश्न विचारायला लावले. दादाने सांगितलं, सासरेबुवांनी बाबांना प्रत्येक खड्ड्यामागे एक फटका माफ केलाय. कमी फटक्यांत चेंडू खड्ड्यात घालेल तो जिंकतो, आणि माफ केलेला फटका मोजत नाहीत. अठरा खड्डे, अठरा फटके.

बाबांनी झोपाळा थांबवला. "खेळ सुरू व्हायच्या आधीच देतात?"

"हो."

"न मागता?"

"हो."

ते आईकडे वळले. "बघ. वरपक्षाचा मान तिकडेही ठेवतात."

ही सवलत कच्च्या खेळाडूला देतात, असं विश्वकोशात स्वच्छ लिहिलेलं होतं. मी तोंड उघडलं. आईने माझ्या पायावर पाय दिला.

"आणि पहिला चेंडू कोणाचा?" बाबांनी विचारलं.

तिकडे चौकशी होऊन उत्तर आलं. पहिला फटका मारण्याला तिकडे मानच म्हणतात, आणि आधीचा खड्डा जो जिंकेल त्याला तो मिळतो. याने बाबा पार गोंधळले. "मान जिंकायचा कसा? मान असतो, नाहीतर नसतो."

घरी आल्यावर आणखी एक पेच निघाला. त्यांनी अठरा दिले, तर आपण रिकाम्या हाताने कसं जायचं? आई म्हणाली, तुम्हीही अठरा द्या. बाबांनी बराच विचार केला. दोघांनी एकमेकांना अठरा दिले तर कोणालाच काही मिळत नाही, हे लक्षात आल्यावर ते म्हणाले, "म्हणजे आपल्या आहेरासारखंच." आणि दादाने पाठवलेलं तिकीट प्रथमच हातात घेऊन नीट वाचलं.

जायचं ठरलं. लग्नात राहून गेलेली व्याहीभेट आता त्या तिन्हींतल्या सगळ्यात जुन्या मैदानावरच व्हावी, असं बाबांच्या मनाने घेतलं. त्यांनी पंचांग काढलं. त्या आठवड्यात चांगला दिवस एकच होता, रविवार, सकाळी. मी दादाला ओरडून सांगितलं. पलीकडून इतका वेळ काही आलं नाही, की मला वाटलं लाइन कटली.

"हॅलो? चालेल ना रविवार?"

"चालेल," दादा म्हणाला. "रविवारच ठेवा. बदलू नका म्हणावं."

शेजाऱ्याचा कोट घालून आणि छत्री घेऊन बाबा गेले. त्या रविवारी संध्याकाळी काकींची हाक आली. आम्ही धावत खाली गेलो. फोनवर बाबा स्वतः होते.

"झाली व्याहीभेट," ते म्हणाले. "माणूस बरा आहे. पुष्कळ चाललो. हा होता बरोबर."

"हा" म्हणजे दादा. नाव घ्यायला अजून वेळ होता.

"आणि खेळ?" आईने विचारलं.

"खेळ नाही झाला."

दादाला ते आधीपासून ठाऊक होतं, म्हणूनच त्याने रविवार बदलू दिला नव्हता. त्या मैदानावर रविवारी खेळत नाहीत. गावातले लोक तिथे कुत्री फिरवतात.