गोविंदरावांचं काळं पाणी

कचेरीतल्या जुन्या मिसली, म्हणजे फायली, मुदत संपली की जाळून टाकतात. किस्से जाळायची मुदत मात्र कोणत्याच सरकारनं घालून दिलेली नाही. निजाम गेला, मुंबई राज्य आलं, मग महाराष्ट्र आला. दफ्तर उर्दूतून मराठीत आलं. कळंबच्या आमच्या कचेरीतले किस्से मात्र साठतच राहिले. त्यातला सगळ्यात जाड गठ्ठा एकट्या गोविंदरावांचा.

गोविंदराव आमचे अव्वल कारकून. तेरणेच्या पुराहून जास्त पाणी त्यांनी पाहिलेलं नव्हतं. वर्तमानपत्रात नारळाच्या झाडांचा फोटो बघून एक दिवस त्यांनी ठरवलं, वहिनींना घेऊन हवापालटाला अंदमानला जायचं!

रजेचा अर्ज तहसीलदारसाहेबांनी दोनदा वाचला.

"गोविंदराव, तिथं लोकांना सरकार धाडत होतं. तुम्ही स्वखर्चानं निघालात?"

*

घरी आईला कळलं तेव्हा तिनं पोळपाटावरचं लाटणं तसंच ठेवलं.

"काळ्या पाण्यावर? गोविंदा, कुणाचा खून केलास रे?"

खून झालेला नाही हे पटल्यावर म्हातारी दुसऱ्या मुद्द्यावर आली. "समुद्र ओलांडलास तर आधी प्रायश्चित्त, मग माझं स्वयंपाकघर. पंचगव्य प्यावं लागंल. गोमूत्र, शेण, सगळं!"

"पिऊ की!" गोविंदराव हसत म्हणाले. हे हसणं त्यांना पुढं महागात पडलं.

*

जहाज लागतं, असं त्यांनी कुठंतरी वाचलं. सवय व्हावी म्हणून ते आमच्या टायपिस्ट हबीबभाईंना सोबत घेऊन एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून येरमाळ्याला गेले. येरमाळा यायच्या आतच खिडकीबाहेर मान काढावी लागली.

हबीबभाई पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "गोविंदराव, अभी तो सूखी जमीन है!"

*

निरोप मात्र झोकात झाला. अख्खी कचेरी येडशी स्टेशनावर. हार, नारळ, वहिनींची ओटी. साहेबांच्या बाईंना शंख हवा होता, हबीबभाईंना मोती. शिपाई तुकाराम तेवढा काही मागेना.

"तुला काय आणू रे?"

"म्या काय न्हाय मागत, सायेब. तुमी माघारी या म्हंजे झालं!"

*

त्यानंतर काही दिवसांनी मी घरच्यांना घेऊन येडशीजवळच्या रामलिंगाला गेलो. देवळामागं ओढ्याकाठी एक गृहस्थ माकडांना फुटाणे टाकत बसले होते. मी त्यांना पाहिलं, त्यांनी मला पाहिलं. दोघांनीही माना खाली घातल्या. माकडांनी तेवढ्या वर ठेवल्या.

"मद्रासपर्यंत गेलो होतो हो," गोविंदराव पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाले. "पण समुद्र सारखा हलतो! ही जहाजाच्या जिन्यावर चढलीसुद्धा होती. मीच हाका मारून खाली बोलावलं."

"मग घरी चला की."

"कोणत्या तोंडानं? हार घातलेत लोकांनी! रजा संपेपर्यंत इथंच राहतो. तुम्ही कुठं बोलू नका, लई उपकार होतील."

वहिनी पलीकडं तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

*

रजा संपल्यावर गोविंदराव हजर झाले. शिपायांनी पाया पडून घेतलं. साहेबांनी स्वतः खुर्ची दिली.

"सांगा, कसं आहे अंदमान?"

मी मिसलीत डोकं खुपसलं.

"छान आहे. डोंगर, झाडी, एक ओढा..." गोविंदराव आठवून आठवून सांगत होते. "आणि माकडं लई!"

हबीबभाईंनी टाइप करता करता विचारलं, "और दर्या?"

"तो पण आहे. जरा बाजूला."

*

आता राहिलं प्रायश्चित्त. समुद्र ओलांडून आलेल्या मुलामुळं आईच्या पंगतीला कुणी बसेना, म्हणून म्हातारीनं सगळी गल्ली बोलावली. कचेरीही आली. पाटावर गोविंदराव आणि वहिनी. समोर भटजी आणि पंचगव्याची वाटी.

'मी समुद्र ओलांडलाच नाही' एवढं एक वाक्य म्हटलं असतं तर सुटका होती. गोविंदरावांनी तोंड उघडलंही. समोर साहेब, हबीबभाई, तुकाराम. आणि उजळ माथ्यानं मिरवणारी आई. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी आढ्याकडं पाहिलं.

भटजींनी पळी पुढं केली. गोविंदराव डोळे मिटून प्याले. मग पळी वहिनींकडं वळली.

वहिनी पदर सावरत शांतपणे म्हणाल्या, "माझ्या वाटचंही यांनाच द्या. पाण्यात हे पुढं होते, मी आपली मागं."

गोविंदरावांनी एकवार बायकोकडं पाहिलं आणि दुसरी पळीही घेतली.

म्हातारी पुढं सरकली. "गोविंदा, समुद्राचं पाणी म्हणे तोंडात धरवत नाही. खरं का रे?"

गोविंदरावांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

"थेट असंच लागतं, आई."