नवरदेवाची वनटन

त्या वर्षी उन्हाळ्यात आमच्या फौजी इंजिनिअर कंपनीची एक तुकडी आलापल्लीच्या पुढे, एटापल्लीच्या रस्त्यावर तळ ठोकून होती. पावसाळ्याआधी एका नाल्यावर लोखंडी पूल टाकायचा होता. मी तुकडीचा व्हेईकल मेकॅनिक, हवालदार शेख. गाव चंद्रपूर. पोस्टिंग कळल्यावर घरच्यांना वाटलं, आता हा रोज जेवायला घरी येणार. प्रत्यक्षात घर दिसलं ते ईदला.

सकाळी पीटी, मग चहा, मग गाड्यांची देखभाल. सागाच्या जंगलात राहिलो म्हटलं की लोकांना हेवा वाटतो. उन्हाळ्यात सागावर पान नसतं, हे त्यांना ठाऊक नसतं. सावली हवी असेल तर ट्रकखाली झोपायचं. मी बहुतेक वेळ तिथेच असायचो.

आमच्याकडे एक वनटन होती, म्हणजे पेट्रोलवर चालणारा छोटा फौजी ट्रक. वय झालेलं, म्हणून सगळे तिला बुढी म्हणत. तिचं इंजिन कायमचं बसलं. दुसऱ्या एका मोडीत निघालेल्या वनटनचं इंजिन वर्कशॉपमधून आलं आणि आम्ही ते बुढीत चढवलं.

बुढीचा ड्रायव्हर लान्स नायक मनोहर रामटेके, गोंडपिपरीजवळच्या खेड्यातला. उमदा, बडबड्या, गाडीवर जीव टाकणारा. इंजिन यायला उशीर झाला, त्यामुळे त्याची रजा ढकलत ढकलत अगदी शेवटच्या दिवसावर आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं लग्न होतं. फौजेत रजेवर जाणारा ड्रायव्हर चालू गाडी दुसऱ्याच्या ताब्यात देतो, मगच सुटतो. ताबा घ्यायला सिपाही गोविंदन तयार उभा होता. गोंडपिपरीकडे जाणारी शेवटची एसटी दुपारी एक वाजता होती.

सकाळी रामटेकेने चावी फिरवली. सेल्फ लागला, इंजिनने झटक्यात घेतलं. त्याने चावी सोडली. इंजिन बंद.

पुन्हा फिरवली. चालू. सोडली. बंद.

"उस्ताद, हे काऊन असं करून राह्यलं?"

"तू चालला म्हनून रुसली असंन."

मी हसलो खरा, पण कार्बोरेटर खोलून बसलो. जेट फुंकले, पेट्रोल तपासलं. ठीक होतं. ठिणगी देणारी कॉइल बदलली. तेच. रामटेके दर पाच मिनिटांनी घड्याळ बघायचा आणि मग माझ्याकडे बघायचा. शेवटी मी बॅटरीपासून कॉइलला सरळ एक वायर जोडली. बुढी सुरू झाली आणि चालतच राहिली. पोरांनी टाळ्या पिटल्या.

सुभेदार साहेब आले. पंजाबी, मिशीचे आणि कायद्याचे पक्के.

"चाबी बंद करो."

रामटेकेने चावी बंद केली. इंजिन चालूच. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

"शेख, ये जुगाड़ है। जुगाड़ पर मैं साइन नहीं करता।"

"साहब, बंदे की शादी है."

"मालूम है। इसलिए जल्दी करो।"

तेवढ्यात रस्त्यावरून एसटी गेली. कंडक्टर ओळखीचा, त्याने हात हलवला. रामटेके मटकन बोनटसमोर खाली बसला.

"गेली, उस्ताद. आता तिकडे काय सांगन मी?"

मला त्याची फार दया आली. पण दयेने गाडी चालत नाही. मी ती सरळ वायर काढली आणि डोकं थंड केलं. अशा गाडीत कॉइलला करंट दोन वाटांनी येतो. सेल्फ मारताना थेट, आणि चावी सोडल्यावर चिनीमातीच्या एका रेझिस्टन्समधून. म्हणजे दुसरी वाट कुठेतरी बुजली होती. मी टेस्ट लॅम्प घेतला, दोन वायरींना जोडलेला साधा बल्ब. चावीकडून येणाऱ्या वायरीला लावला. पेटला. ती वायर रेझिस्टन्सच्या ज्या बोल्टवर कसलेली होती, त्या बोल्टला लावला. अंधार. वायर बोल्टला घट्ट चिकटलेली आणि करंट पलीकडे जाईना!

नट काढला. वायरीच्या टोकाच्या कडीखाली, म्हणजे थिंबलखाली, हिरव्या रंगाचा जाड थर. रंगातून करंट जात नाही.

"रामटेके, इथी रंग कोनं लावला?"

तो हळूच म्हणाला, "ताबा देताना गाडी चकाचक पाहिजे ना, उस्ताद. इंजिन बसवाच्या आधी आतून सारा रंग मारला. थोडा ओलाच होता, पन घाई होती."

नट, बोल्ट, बैठक, या गड्याने काहीच सोडलं नव्हतं. लगीनघाई म्हणतात ती मी त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिली. मी पॉलिश पेपर त्याच्या हातात दिला.

"घास. तुह्यंच लगन आहे."

त्याने बोल्ट घासून पितळेसारखा केला. नट कसला. चावी फिरवली, सोडली. बुढी चालू. चावी बंद केली. बुढी बंद. साहेबांनी स्वतः चावी फिरवून दोन्ही पाहिलं आणि सही केली. पेनला टोपण लावत म्हणाले, "इंजिन बदला है। रोड टेस्ट ज़रूरी है। गोंडपिपरी तक होकर आओ।"

रामटेकेला समजायला वेळ लागला. समजल्यावर त्याने असा सलाम ठोकला की टोपी पडली. आष्टीच्या अलीकडे आम्ही एसटीला मागे टाकलं. गाडी गोविंदन चालवत होता, पण प्रत्येक वळणावर शेजारी बसलेल्या रामटेकेचा पाय हवेतच ब्रेक मारत होता.

पुढे कंपनी उत्तरेला बर्फात गेली. तिसऱ्या हिवाळ्यात रस्ता उघडताना वरून हिमकडा कोसळला. पुढच्या गाडीत रामटेके होता. त्याच्यासारखा हसरा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

रजा मिळाल्यावर मी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको कुंदा चुलीपाशी होती. मुलगी माझ्या बुटाच्या लेसशी खेळत होती. चहा देताना कुंदाने विचारलं.

"भाऊ, लग्नात त्यायच्या नखात हिरवा रंग होता. हे म्हनत, उस्तादनं ट्रकच्या वायरीवर रंग मारून ठेवला अन् मले घासाले लावलं. खरं हाय का?"

बेट्याने सगळं माझ्या माथी मारलं होतं. मला हसू आलं.

"हो बाई," मी म्हणालो. "रंग मीच लावला होता."

"मले वाटलंच," ती म्हणाली, आणि किंचित हसली. "यायच्या हातून गाडीचं काम कधी बिघडत नसे."

"नाई बिघडत," मी म्हणालो. "लय चांगला ड्रायव्हर होता."