टोपीवाले ‘हे’

शिरीषकाका जर्मन शिकले ते सिनेमातल्या खासगी गुप्तहेरांकडून. तरुणपणी पुण्याहून कोलोनला नोकरीला आले, तेव्हा क्लासात त्यांचा जीव रमेना. घराजवळच्या एका छोट्या किनोमध्ये दर गुरुवारी जुने कृष्णधवल सिनेमे लागत, सगळे जर्मन आवाजात डब केलेले. काका तिथे जाऊन बसत. परिणाम असा की पुढे आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या सरकारी कचेरीत, व्हिसाच्या कामासाठी गेले, तरी बोलणं तुटक, तोंडाच्या कोपऱ्यातून. समोरच्या बाईला वाटायचं, हा माणूस आपल्यावरच संशय घेतोय.

करडी फेल्ट टोपीही त्यांनी तेव्हाच घेतली. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते, त्यामुळे जिन्यात भेटले की नटांवर व्याख्यान ठरलेलं. "खरा नट कसा ओळखायचा, सांगू? मार खाऊन पडला की बघायचं. आधी टोपी उचलतो आणि मग उठतो, तो खरा."

लतिकाकाकूंना या सिनेमांचा तिटकारा. "सदा अंधार, सदा धूर, आणि एकाच्याही घरी धड स्वयंपाक नाही!"

गेल्या वर्षी काकांची नजर गेली. कडेचं धूसर दिसतं, मधलं काहीच नाही. टोपी खुंटीवर गेली ती गेलीच. काका खिडकीशी बसून राहू लागले. काही सुचवलं की एकच उत्तर, "आंधळ्याने किनोत जाऊन काय करायचं?" मला त्यांचा राग यायचा. काकूंना मात्र भीती वाटायची. बसल्या जागी माणूस कसा विझत जातो, ते त्यांनी सासऱ्यांच्या बाबतीत पाहिलं होतं.

एका गुरुवारी त्यांनी टोपी झटकली आणि काकांच्या डोक्यावर ठेवली. "चला, उठा. काय दिसतंय ते मी सांगते." काका नको नको म्हणत होते, पण एक हात काकूंनी धरला आणि दुसरा मी.

काकूंनी काकांची टोपी काढून आपल्या मांडीवर घेतली. सिनेमा सुरू झाला. काकू कुजबुजू लागल्या, "हे खुर्चीत बसलेत. बाई आली. हे उठलेसुद्धा नाहीत."

"कोण, मी?" काका दचकले.

"तुम्ही नव्हे हो! ते टोपीवाले."

कोट-टोपीतल्या परक्या पुरुषाला अरेतुरे करायला काकूंची जीभ वळेना, आणि जन्मभर त्यांच्या तोंडी ‘हे’ म्हणजे एकच माणूस. मी ओढणी तोंडात कोंबली. पुढच्या रांगेतल्या आजींनी वळून "श्श!" केलं. काकूंनी आवाज उतरवला, पण थांबल्या नाहीत.

"अगंबाई, यांना मारतायत हो!" त्यांनी काकांचा दंड धरला. "पडले."

"आता टोपीकडे बघ." काका खुर्चीच्या कडेवर सरकले होते.

"चाचपडतायत... सापडली. आधी टोपीच उचलली!"

"आता उठेल."

"उठले!"

काका हसले. किती दिवसांनी हसले. माझे डोळे भरून आले आणि पुढचं निम्मं मला दिसलंच नाही.

शेवटी गुप्तहेर प्रेयसीला पोलिसांच्या हवाली करून ओल्या रस्त्याने निघाला.

"चाललाय," काकू म्हणाल्या. "एकटाच."

"कोण? हे?"

"नाही, तो." काकूंनी मांडीवरची टोपी काकांच्या हातात दिली. "हे माझ्याबरोबर घरी येतायत."