नरसम्माची खिडकी आणि आम्ही फुकटे वकील

वकिलाच्या घरात दोन गोष्टींचा ढीग साचतो. एक जुन्या दाव्यांचे कागद आणि दुसरे किस्से. कागदांना वाळवी लागते, पण किश्शांना काही होत नाही! उलट दरवर्षी ते थोडे गुबगुबीत होतात. मी त्यांना फार खाऊ घातलेलं नाही, एवढं आधीच सांगतो.

आमचं त्रिकूट होतं. आबासाहेब सर्वांत ज्येष्ठ, आवाज असा की बार रूममध्ये खोकले तरी कोर्टात पट्टेवाला दचकायचा. दुसरे काझी वकील, मिठ्ठास जिभेचे. तिसरा मी. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका शाळेचा वर्ग आम्हाला रविवारी सकाळी मिळायचा. तिथं गरिबांच्या दिवाणी कामांसाठी आम्ही मोफत बसायचो. पक्षकार पोरांच्या बाकांवर, गुडघे हनुवटीला लावून. फळ्यावर आदल्या दिवशीचे पाढे.

सुरुवातीला कुणी फिरकेचना. पहिला आला तो वैरागचा एक म्हातारा. शेजाऱ्यानं त्याची वहिवाटीची वाट अडवली होती. आम्ही तिघांनी मिळून त्याला कायदा समजावला, अगदी घसा कोरडा पडेपर्यंत. म्हाताऱ्यानं मान डोलावली, पटका बांधला आणि उठला.

"लई ब्येस सांगितलंत," तो म्हणाला. "आता येका खऱ्या वकिलाचा पत्ता द्या की!"

*

करकंबचे दोन भाऊ विहिरीच्या वाटणीवरून भांडत होते. आले मात्र एकाच बैलगाडीतून, भाकरीचं गाठोडंही एकच! थोरल्याची बाजू काझींनी घेतली, धाकट्याची आबासाहेबांनी. कोर्टात जाण्याआधी वर्गातच मिटतं का बघू, असं ठरलं.

आबासाहेबांना वर्ग आणि कोर्ट यांतला फरक कधी कळलाच नाही. त्यांनी टेबलावर मूठ आपटली आणि थोरल्याला लबाड, लुच्चा, भावाचं रक्त पिणारा असं काय काय म्हणून टाकलं. धाकटा ताडकन उठला.

"ओ वकीलसायेब! तोंड सांबाळून! त्यो चुकला आसंल, पन आमचा थोरला लबाड न्हाय!"

दोघं तणतणत बाहेर पडले. गाठोडं सोडून शाळेच्या पायरीवर एकत्र जेवले आणि त्याच गाडीतून गावी गेले. विहिरीचं पुढं काय झालं ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. आबासाहेब मात्र हा दावा आपण जिंकलेल्यांत धरायचे.

*

नरसम्मा आली तेव्हा मात्र थट्टा थांबली. ती तेलुगू विणकराची विधवा. घरात एक हातमाग आणि मागावर उजेड टाकणारी एकच खिडकी. शेजारच्या व्यापाऱ्यानं खिडकीला चिकटून भिंत चढवायला घेतली होती. खिडकी बुजली की तुटलेला धागा दिसणार नाही. दिवा लावावा तर काजळीनं मागावरचं लुगडं खराब होणार. म्हणजे भिंत वर गेली की तिचा माग बंद.

आबासाहेबांनी तिला उजेडाच्या हक्काचा कायदा सांगितला. वीस वर्षांहून अधिक काळ उजेड बिनतक्रार मिळत असेल तर शेजाऱ्याला तो अडवता येत नाही. हे त्यांनी उपकलमांसकट सांगितलं आणि ते बराच वेळ चाललं. नरसम्मा शांतपणे ऐकत होती.

"समदं समजलं साहेब," ती म्हणाली. "पन तुमी बोलत हाय तवर भिंत वर येतीया की!"

आबासाहेब आयुष्यात पहिल्यांदा वाक्य अर्धवट सोडून उठले. दुसऱ्या दिवशी अर्ज दाखल झाला, मनाई हुकूम मिळाला आणि भिंत खिडकीच्या मध्यावर थांबली. त्या दिवशी मला वकील झाल्याचं खरंच बरं वाटलं.

*

आता खिडकी जुनी असल्याचा साक्षीदार हवा होता. काझींनी नरसम्माच्या गल्लीतले उस्मानचाचा शोधून काढले. पांढरी दाढी, डोळ्यांत सुरमा, पूर्वी टांगा हाकायचे.

व्यापाऱ्याचे वकील होते नानासाहेब. मोठे नामांकित. पण त्यांची एक खोड होती. कागद हातात असल्याशिवाय त्यांना बोलताच यायचं नाही. घरी "मीठ वाढा" हेसुद्धा ते कागदावर बघून म्हणतात, असं काझी सांगायचे. नानासाहेबांनी उलटतपासाचा कागद डोळ्यांसमोर धरला.

"ही खिडकी तुमच्या तरुणपणापासून आहे हे कशावरून?"

"हौ साब, मालूम है ना! मैं जवान था, उसी खिडकी के नीचे बैठ के गाता था. इनकी सास सर पो पानी डालती थी."

"पाणी दारातून टाकलं नसेल कशावरून?"

चाचा कळवळून म्हणाले, "दार खुलता तो मैं बैठता क्या साब? भागता ना!"

सब-जज्ज साहेबांनी तोंडासमोर रुमाल धरला.

*

या धावपळीत आमचे रविवार संध्याकाळपर्यंत लांबू लागले. एका रविवारी पाहतो तो बाकावर पक्षकारांच्या रांगेत आबासाहेबांच्या सौभाग्यवती! आबासाहेब एकदम फळ्याकडं तोंड करून पाढे वाचू लागले.

"माझं घर गळतं, घरमालक दुरुस्त करत नाही," वहिनींनी काझींना सांगितलं. "आणि नवरा रविवारी घरी सापडत नाही. सल्ला फुकट मिळतो ना?"

काझी अतिशय गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, पहिल्या कामात नोटीस आजच देतो. दुसरं काम आम्हाला घेता येणार नाही, आम्हीच प्रतिवादी आहोत!"

*

नरसम्माच्या दाव्यात अखेर नानासाहेबांनी नवा मुद्दा काढला. भिंत अर्धी चढली तरी खोलीत भरपूर उजेड येतो, मग नुकसान कसलं? मुद्दा वजनदार होता. हा मान्य झाला असता तर मनाई उठली असती आणि नरसम्माचा माग कायमचा बंद पडला असता. आबासाहेबांची झोप उडाली. जज्जसाहेब म्हणाले, जागा बघूनच ठरवू.

भर दुपारी आम्ही सगळे त्या खोलीत दाटीवाटीनं उभे. बाहेर सोलापूरचं ऊन, डोळे दिपवणारं. नरसम्मा मागाशेजारी भिंतीला टेकून उभी होती. मला तिच्याकडं बघवेना.

"हं नानासाहेब, उजेडाबद्दल काय म्हणणं आहे?" जज्जसाहेबांनी विचारलं.

नानासाहेबांनी सवयीनं हात मागं केला. कारकुनानं हातात कागद ठेवला. त्यांनी तो डोळ्यांसमोर धरला. मग जवळ नेला, मग लांब धरला, मग तिरका केला. आबासाहेब काहीतरी बोलणार होते, काझींनी त्यांच्या कोटाची बाही घट्ट पकडली.

नानासाहेब वैतागले आणि ऑफिसात ओरडत तसे कारकुनावर ओरडले, "अरे, बघत काय उभा राहिलास? दिवा आण!"

कारकून जागचा हलला नाही. नरसम्मा हलली. तिनं कोनाड्यातला कंदील काढला, पदरानं काच पुसली, वात पेटवली आणि कंदील त्यांच्या कागदापाशी नीट धरला.

"वाचा की साहेब," ती म्हणाली.