पाणबुडीची वाट कुठून बघायची?

मैत्रिणींनो, आज विशाखापट्टणमला संग्रहालय झालेली साठच्या दशकातली पाणबुडी पाहिली. सोबत केळव्याची आत्याआजी होती, मला घरीच बाराखडी शिकवणारी.

आम्ही कोळी; घरचे पुरुष मासेमारीला समुद्रात जातात, पण आमच्या घरच्या बायका होडीत चढत नाहीत, तशी रीतच आहे. आजी शिडीपाशीच थांबली. मला काळजी, आता हिला परत न्यावं लागणार.

"ही तर जमिनीवर हाय," ती म्हणाली आणि चपला हातात घेऊन चढली.

आत एकही खिडकी नाही. टॉर्पेडोंच्या शेजारीच नौसैनिकांच्या झोपायच्या फळ्या. आजीने एका फळीवर हात ठेवला.

"आमाला निदान शीड तरी दिसायचं लांबून. यांच्या बाया कुटं बघत बसल्या असतील?"

मी सगळे फलक नीट वाचले होते. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. तुमच्यापैकी कोणाच्या घरी अशी वाट बघितली असेल, तर सांगाल?